अखजी, तापी आणि माझं जड डोकं

मला पोटाचा काहीतरी मोठा विकार आहे, असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. शेवटी जळगावच्या आमच्या डॉक्टरांनी पोट दाबून, जीभ बघून, नाडी धरून निकाल दिला. "मास्तर, पोट ठणठणीत आहे. फक्त तुम्ही सारखे त्याच्या मागे जाऊन उभे राहता. परीक्षेत पर्यवेक्षक पाठीशी येऊन थांबला की हुशार पोराचाही हात चालत नाही, तसं झालंय त्याचं. जरा कुठं फिरून या."

घरी येऊन मी या वाक्यावर चार दिवस विचार केला. त्यानं पोट आणखी दुखलं.

ही गोष्ट पन्नासच्या दशकाच्या शेवटची. नवे पैसे चलनात आले होते, पण बाजारात माणसं अजून आण्यांतच बोलत होती. मी तेव्हा जळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि लग्नाला दीड वर्ष झालं होतं. आज नव्वदीला टेकलो आहे. नातीनं हा ब्लॉग काढून दिला आणि म्हणाली, आजोबा, तो तापीचा प्रवास लिहा. म्हणून लिहितो. खानदेशात हिंडायला निघणाऱ्यांनी यातल्या गाड्यांच्या वेळांवर आणि भाड्यांवर विसंबू नये. नद्या मात्र अजून त्याच दिशेनं वाहतात.

तर, धुळ्याच्या एका कॉलेजात मला डेमॉन्स्ट्रेटरची, म्हणजे प्रयोगशाळेत शिकवण्याची, जागा देऊ केली होती. पगार जरा जास्त, मान बराच जास्त. पण जळगावची शाळा पक्की, गाव पायाखालचं, आणि धुळ्यात ओळखीचं कुणी नाही. जावं की न जावं? रोज संध्याकाळी मी इंदूसमोर, म्हणजे बायकोसमोर, दोन्ही बाजू मांडायचो. सोमवारी जायची बाजू जड व्हायची, मंगळवारी राहायची. इंदू भाकरी थापत ऐकायची. अखजी जवळ आली. अखजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्याकडे या सणाला लेकी माहेरी जातातच. तिनं ट्रंक भरली आणि दारात उभी राहून म्हणाली, "तुमचं ठरलं की या मला न्यायला. आणि येताना उत्तर घेऊन या. बाजू घेऊन येऊ नका."

"आणि नाहीच ठरलं तर?"

"तर मी तिथं बरी आहे. झोका आहे, आंबे आहेत, नदी आहे."

ती हसत म्हणाली, पण टांग्यात बसताना तिनं मागं वळून बघितलं नाही. त्यावर मी आठवडाभर विचार केला.

अखजीच्या आदल्या दिवशी मी निघालो. ठरलं काहीच नव्हतं. सामान मात्र पक्कं होतं: उकळलेल्या पाण्याचा फिरकीचा तांब्या, ओवा, हिंगाष्टक, उन्हासाठी छत्री, थंडीसाठी घोंगडी (मे महिन्यात!) आणि धुळ्याच्या प्राचार्यांना भेटायचं म्हणून घेतलेले कोरे करकरीत बूट.

जळगावहून अमळनेरला जायला सुरतेकडची गाडी. तिसऱ्या वर्गाच्या फळीवर जागा मिळाली ती केळीच्या घडांच्या शेजारी. पाळधी गेलं, धरणगाव गेलं. दोन्हीकडं काळी रानं उन्हानं तडकलेली, भेगा अशा की त्यात हात जाईल. समोरचा शेतकरी डोक्याचं मुंडासं डोळ्यांवर ओढून बसल्या बसल्या झोपला. गाडी थांबली की त्याचं डोकं पुढं जायचं आणि सुटली की आपोआप जागेवर यायचं. मला हेवा वाटला. मला गादीवर झोप येत नव्हती.

अमळनेरला सासऱ्यांनी बैलगाडी पाठवली होती. गाडीवान माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला, कारण मी दोन्ही हातांनी गाडीचा कठडा धरून बसलो होतो आणि प्रत्येक खड्ड्याच्या आधी अंग आवळून घेत होतो.

"मास्तर, बठा ना सुस्त," तो म्हणाला. "गाडी कोठे पळी नही जास."

मी म्हटलं, सुस्तच आहे. आणि अंग आवळलं, कारण पुढं खड्डा होता. तापीवर पोचेपर्यंत माझे खांदे असे भरून आले होते की जणू गाडी मीच ओढली.

सासुरवाडी तापीच्या पलीकडच्या काठावर. उन्हाळ्यात नदी रोडावते, वाळूचे पांढरे पट्टे उघडे पडतात आणि त्यांच्यामधून हिरवट पाणी वळणं घेत जातं. मधे मधे खोल डोह. नावेतून पलीकडं जाताना मी नावाड्याला विचारलं, इथं पाणी किती असेल? त्यानं वल्हं न थांबवता सांगितलं की माणूस बुडायला लागतं तेवढं आहे. मला पोहता येत नव्हतं. वर्गात मात्र मी दरवर्षी मोठ्या उत्साहानं शिकवायचो, की पाण्यातली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्या वजनाचा आधार तिला पाण्याकडून मिळतो. मुलं माना डोलवायची. मीही डोलवायचो.

वस्तीत शिरलो तेव्हा कडुनिंबाच्या प्रत्येक झाडाला झोका टांगलेला होता. एका झोक्यावर इंदू उभी होती. उभी! दोऱ्या धरून, गुडघे वाकवून ती झोका असा चढवत होती की पायाखालची फळी पार फांदीला भिडत होती. जळगावात पदर सावरत जिना उतरणारी माझी बायको ती हीच, हे ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. मला बघून ती थांबली नाही. वरूनच ओरडली, "ठरलं का?"

मी खालून हात हलवला. त्याचा अर्थ हो, नाही, कसे आहात, काहीही होऊ शकत होता.

सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सणाचं ताट आलं. चुलीवर मातीचं खापर उलटं घालून त्यावर भाजलेली पुरणपोळी, ती पंख्याएवढी आणि कागदाएवढी पातळ. वाटीत नव्हे, कढईएवढ्या वाडग्यात आमरस. कुरडया, भजी, वर तुपाची धार. मी हळूच खिशातल्या हिंगाष्टकाच्या पुडीला हात लावला आणि मनाशी अंदाज बांधू लागलो, की पुरण किती वेळात पचतं, त्यावर आमरस कसा वागेल.

"जवाईबापू, काय इचार करी राह्यनात?" अक्का वाढत म्हणाल्या. "खाई ल्या."

"अक्का, माझं पोट जरा नाजूक आहे."

"व्हई. पोट तुम्हनं शे. पन आज ते मन्हा घरमा शे."

पोट माझं, पण आज मुक्काम त्यांच्या घरात. मी खाल्लं. पहिली पोळी भीत भीत, दुसरी लक्ष देऊन, तिसरी मला आठवत नाही. जेवून ओसरीवरच्या खाटेवर आडवा झालो आणि पोटदुखी सुरू होण्याची वाट बघू लागलो. तिची वाट बघता बघताच झोप लागली. जागा झालो तेव्हा गुरं घराकडं परतत होती आणि पोटाचा मला संपूर्ण विसर पडला होता. आठवल्याबरोबर मी ते जरा चाचपून बघितलं. ठीक होतं. थोडा अपमान झाल्यासारखं वाटलं.

इंदू खाटेच्या पायथ्याशी बसून आंबा चोखत होती. मी धुळ्याच्या दोन्ही बाजू नव्यानं मांडल्या, कारण प्रवासात एक नवा मुद्दा सुचला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं, कोय अंगणात भिरकावली आणि म्हणाली, "चला, नदीवर."

सासुरवाडीच्या नदीत गुडघाभर पाण्यात धोतर खोचून उभा राहिलेला विज्ञानशिक्षक, हा देखावा बघायला गाव येणार नाही असं मला वाटलं होतं. गाव आलं. निदान काठावरून जाता जाता थबकलं. माझे सासरे, म्हणजे आबा, म्हशी धुवायला आले होते. इंदू लुगड्याचा काष्टा मारून डोहात उतरली आणि पाठीवर पडून राहिली. काही केलं नाही तिनं. नुसती पडून राहिली, आणि पाण्यानं तिला ठेवून घेतलं.

"असं," ती म्हणाली. "मान सोडा. कान पाण्यात जाऊ द्या."

"आधी पाय उचलायचे की आधी मान?"

"काही उचलायचं नाही. सोडायचं."

"पण कुठल्या क्रमानं?"

मी मान सोडली की पाय खाली जात. पाय वर घेतले की मान ताठ होई. मग कंबर बुडे, नाकात पाणी जाई, आणि मी खोकत उभा राही. उभं राहिल्यावर कळे की पाणी छातीएवढंच आहे. इंदूनं पाठीखाली हात धरला तोवर बरं होतं, मग मी विचारायचो, "हात आहे ना?" आणि विचारताना मान वर उचलायचो. की बुडालो. मी काठावर येऊन आबांना पाण्याच्या आधाराचा नियम समजावून सांगितला, म्हणजे मी का तरंगायला हवा होतो ते तरी त्यांना कळावं. आबांनी म्हशीच्या पाठीवर पाणी मारत शांतपणे ऐकलं.

"बराबर शे," ते म्हणाले. "पानी बठ्ठासले उचलस. म्हैसले उचलस, मंग तुम्हले काबरं नही उचलस?"

सगळ्यांना उचलणारं पाणी मलाच का उचलत नाही, याचं त्यांना खरंच कोडं पडलं होतं. मलाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी इंदूनं शिकवणं सोडून दिलं आणि एकटीच लांब पोहून आली. परतल्यावर केस पिळताना तिनं विचारलं, "उद्या निघायचं म्हणता. प्राचार्यांना काय सांगणार?"

मी म्हटलं, "रस्त्यात ठरवू."

ती केसांची गाठ मारून उठली. आत जाऊन अक्कांशी हळू आवाजात काहीतरी बोलली, आणि अक्का म्हणाल्याचं मला ऐकू आलं, की मग तू राहा अजून. जळगावच्या दारातलं ते बोलणं थट्टा नव्हती. इतके दिवस मी जागेच्या दोन बाजू मोजत होतो आणि तिसरी बाजू माझ्याच घरात ट्रंक भरून बसली होती. सकाळी मात्र इंदू ट्रंक घेऊन अंगणात आली. तिनं मला त्याचं कारण सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

नदीवर आलो तर नाव काठाला, नावाडी झाडाखाली. अखजीला आमच्याकडं पत्ते बसतात, ते दोन-चार दिवस काही उठत नाहीत. आबांनी हाक मारली.

"डाव चालू शे, आबा," त्यानं मान न वळवता सांगितलं. "नाव सांजले."

सांजेपर्यंत थांबलं तर नदीपलीकडच्या बेटावदहून धुळ्याला जाणारी मोटार चुकणार. आबा म्हणाले, खाली उतार आहे, म्हणजे पायी ओलांडायची जागा. पाणी कमरेएवढं. रोज गुरं जातात. त्यांनी ट्रंक डोक्यावर घेतली आणि चालूही लागले. मी बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधून जोडी गळ्यात अडकवली, एका हातात छत्री घेतली, दुसऱ्या हातानं इंदूचं मनगट धरलं. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी मी तळव्यानं वाळू तपासत होतो. आबा पलीकडं पोचले तरी आम्ही मध्यावरच.

"इतकं चाचपू नका हो," इंदू म्हणाली. "थांबलात की पायाखालची वाळू सरकते."

ते खरं होतं. मी थांबलो होतो, आणि ती सरकली. पाय खड्ड्यात गेला, दुसरा त्याच्यामागून, धारेनं मला आडवं केलं आणि उताराच्या खालच्या डोहात ओढलं. इंदूचं मनगट हातातून निसटलं.

अशा वेळी आयुष्य डोळ्यांपुढून सरकतं म्हणतात. माझ्या डोळ्यांपुढं बूट आले, शब्दशः, कारण ते गळ्यात होते आणि पाण्यानं वर उचलले होते. मी छत्री घट्ट धरली. का धरली ते देवाला माहीत. तोंडात पाणी, नाकात पाणी, पायाखाली काही नाही. हात मारले, आणखी खाली गेलो. मग दम संपला. दम संपल्यावर विचारही संपला, आणि मूठ उघडली. मी उघडली नाही, तीच उघडली. छत्री गेली. मान मागं पडली, कानांत पाणी शिरलं आणि एकदम सगळं शांत झालं. डोळे उघडले तर वर भगभगीत आभाळ आणि त्यात एक घार.

मी तरंगत होतो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. छाती वर येत होती, खाली जात होती, कुणी न सांगता. मग डोक्यात विचार आला, अरे, मी तरंगतोय! आणि तत्क्षणी बुडालो.

दुसऱ्या वेळी मात्र घाबरलो कमी. अंगाला वाट माहीत झाली होती. ते पुन्हा वर आलं. मी डोळे मिटून पडून राहिलो आणि पाण्याला न्यायचं तिथं नेऊ दिलं. बऱ्याच वेळानं पाठीला काहीतरी टोचू लागलं. वाळू होती. मी वीतभर पाण्यात हातपाय पसरून पडलो होतो.

पुढच्या क्षणी इंदू माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली होती, डोक्यापासून पायापर्यंत ओली, आणि माझ्या छातीवर मुठी आपटत होती. रडत होती की हसत होती ते पाण्यामुळं कळत नव्हतं. पलीकडून, डोक्यावर ट्रंक तशीच ठेवून, आबा ओरडले, "जवाईबापू, छत्री कोठे शे?"

बूट वाचले होते, पण त्यांत तापी भरली होती. बेटावदपर्यंत बैलगाडीत मी कठडा धरला नाही. मुद्दाम नाही, लक्षातच आलं नाही. इंदूनं नंतर सांगितलं की मी सगळे खड्डे झोपेत पार केले. धुळ्याच्या मोटारीत इंजिनाशेजारची जागा मिळाली, धुळीनं आम्ही दोघंही विटकरी झालो. धुळं हे सरळ आखलेलं गाव, गल्ल्यांना नंबर. वाट चुकणं अवघड. पांझरेच्या काठाजवळच्या एका खाणावळीत भाकरी आणि झणझणीत शेवेची भाजी मिळाली. डोळ्यांतून पाणी काढत दोन वेळा मागून घेतली. तुम्ही धुळ्याला गेलात तर ती खाणावळ आता सापडणार नाही, भाजी नक्की सापडेल.

आता खरी गोष्ट. नदीतून तरून आलेल्या माणसाला आतून काहीतरी आवाज येईल, अशी माझी अपेक्षा होती. कॉलेजच्या व्हरांड्यात बाकावर बसून मी मोठ्या विश्वासानं आत कान लावला. जावं की राहावं? आतून आलं ते एवढंच, की बूट अजून ओले आहेत आणि भाजी तिखट होती. बाकी काही नाही. भिंत गार होती. मी डोकं टेकलं.

प्राचार्यांनी खांद्याला हात लावून उठवलं तेव्हा मी घोरत होतो. धडपडून उभा राहिलो. ओल्या बुटांनी पचकन आवाज केला.

"काय ठरलं तुमचं?" त्यांनी विचारलं.

"येतो," मी म्हटलं.

तो शब्द मीही इंदूबरोबरच पहिल्यांदा ऐकला. ती व्हरांड्याच्या टोकाला उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडं बघितलं.

परतताना धुळ्याहून चाळीसगावची छोटी गाडी, तिथं बदलून पाचोऱ्यामार्गे जळगाव. डब्यात एक मारवाडी कापडवाले शेठ भेटले. चाळीसगावला त्यांना तापीची गोष्ट सांगितली तेव्हा डोह दहा हात होता. पाचोरा येईपर्यंत तो बराच रुंद झाला आणि धार जोरात आली. शेवटी मी त्यांना समजावून सांगितलं की माणसानं सोडून देणं कसं शिकावं. आधी मूठ, मग मान, मग विचार.

"वा, मास्तर," शेठ म्हणाले. "अन् त्या वेळेला बाई कुठं होत्या?"

"ती उतारावर. तिथंच थांबलेली." मी इंदूकडं बघितलं. "नाही का गं?"

इंदू खिडकीबाहेर बघत होती. "हो ना," ती म्हणाली.

घरी आल्यावर संध्याकाळी ती कंदिलाची काच पुसायला बसली, तेव्हा तिच्या बांगड्या वर सरकल्या आणि मला तिचं मनगट दिसलं. त्यावर चार बोटांचे काळेनिळे वळ होते. माझ्याच बोटांचे. एका बाजूला ओरखडे.

"फार आवळलं होतं मी," मी ओशाळून म्हटलं. "बरं झालं वेळेवर सोडलं. नाहीतर तूही ओढली गेली असतीस."

"तुम्ही कुठं सोडलं?" ती काच उजेडाकडं धरून बघत म्हणाली. "मी सोडवून घेतलं. बोटं एकेक करून उघडली तुमची."

मी विचारलं, "का?"

"दोघं गेलो असतो. मला हात हलवायला यायला हवे होते ना."

"आणि मी बुडालो असतो तर?"

"बुडलात की एकदा. मी धरायला आले तर तुम्ही आपोआप वर आलात. मग नाही धरलं." तिनं काच कंदिलावर बसवली. "मागंच होते मी. थेट वाळूपर्यंत."

"मग गाडीत सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतके खुशीत होतात," ती म्हणाली.

त्या पावसाळ्याआधी आम्ही धुळ्याला बिऱ्हाड हलवलं आणि पुढं तिथलेच झालो. तो निर्णय बरोबर होता की नाही, यावर मी नंतर बरीच वर्षं विचार केला, कारण स्वभाव काही तापीत वाहून गेला नव्हता. पोट मात्र सुधारलं. पोहायला मी नीट शिकलो. पांझरेच्या डोहात, नंतर तापीतही. प्रत्येक वेळी इंदू मागं असायची. मी तिला विचारायचो नाही आणि वळून बघायचो नाही. वळून बघितलं की मान वर होते.

तिला जाऊन आता सहा वर्षं झाली. नात मला हिवाळा सोडून रोज सकाळी पोहण्याच्या तलावावर घेऊन जाते. मी पायऱ्या उतरतो, पाठीवर पडतो, कान पाण्यात जाऊ देतो. डोकं लगेच विचारू लागतं, मागं आहे का कुणी? त्याला मी उत्तर देत नाही. पडून राहतो.